मॉस, दयाळ आणि दोन ओळी

फोन आला तेव्हा त्याचे दोन्ही हात ओले होते. एका हातात चिमटा, दुसऱ्या हाताच्या बोटावर पाण्याचा थेंब, आणि समोरच्या काचपट्टीवर, पावसाळ्यात भिंतींवर हिरवा थर धरतं त्या मॉसची एक वाळकी काडी. ती संग्रहालयाच्या पाकिटात घालून ठेवणाऱ्या माणसाची नातवंडंसुद्धा एव्हाना म्हातारी झाली असतील. मॉस ओळखायचं तर आधी भिजवावं लागतं. कोरडं असताना ते सगळं सारखंच दिसतं, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं. पाणी लागलं की पानं काडीपासून सुटतात, वळतात, पसरतात, आणि मग कोण कुठलं ते कळतं. हे बघायला त्याला अजून आवडायचं. सगळं आयुष्य त्यात गेलं तरी त्या क्षणी तो श्वास रोखून बसायचा. तसाच आत्ताही बसला होता, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरत कडेकडे सरकायला लागला. मुलीचा होता. कामाच्या दिवशी, भर सकाळी ती कधी फोन करत नसे. खरं सांगायचं तर एरवीही फारसा करत नसे. रविवारी संध्याकाळी बापलेक एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत, हवा कशी आहे ते सांगत, आणि "बरं मग" म्हणून ठेवून देत. त्याने ओल्या बोटानेच फोन कानाला लावला.

"बाबा, कामात आहेस?"

"नाही, बोल."

"ते गाणं काय होतं रे?"

"कुठलं गाणं?"

"तू म्हणायचास ते. मला झोपवताना. दार, रान असं काहीतरी होतं त्यात. मी फोनवर शोध शोध शोधलं. गुणगुणूनसुद्धा दाखवलं. भलतीच गाणी काढून देतो."

तिच्या मागे बाळाचा आवाज येत होता. रडणं नव्हे, रडून दमल्यावर उरते ती किरकिर. तो गप्प राहिला. गप्प राहणं त्याला चांगलं जमायचं. पण ती वाट बघत होती, तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं.

"आठवून सांगतो," तो म्हणाला.

"सांग हं. तो झोपतच नाही बाबा. मीही नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "काल त्याला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. तो आत रडत होता आणि मी पायऱ्यांवर. किती वेळ कोण जाणे. वरच्या मजल्यावरच्या बाई उतरून आल्या आणि विचारायला लागल्या, तेव्हा उठले. आता त्या येता-जाता माझ्याकडे बघतात."

"आणि हा?" हा म्हणजे जावई.

"त्याला कामावर सध्या दोन-दोन पाळ्या आहेत. घरी येतो तो आडवाच होतो. त्याला तरी काय बोलणार. तू घाबरू नकोस, मी काही करणार नाहीये. पण ते गाणं मिळालं ना तर मला वाटतं..." काय वाटतं ते तिने सांगितलं नाही. "शनिवारी येतोयस ना?"

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "बरं मग."

फोन ठेवल्यावर त्याने भिंगातून पाहिलं तर काडी पूर्ण उघडली होती. पानं हिरवीगार, जणू कालच एखाद्या भिंतीवरून खरवडून आणलेली. त्याला मात्र ती कुठली जात आहे ते काही केल्या ओळखता येईना. डोळ्यांसमोर जिना येत होता. मुलीच्या इमारतीतला तो अरुंद जिना, कठड्याचा रंग उडालेला, आणि खालून तिसऱ्या की चौथ्या पायरीवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली ती. भीती म्हणावी अशी भीती त्याला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती. ती अशी सकाळच्या उजेडात, नळाचं पाणी टपटपत असताना येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि दुसरं म्हणजे तो धडधडीत खोटं बोलला होता. त्याने आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. लेकीला झोपवताना तर नाहीच नाही. ते गाणं तिच्या आईचं होतं. आई गेली तेव्हा पोर तीन वर्षांचीसुद्धा नव्हती. फोटोतल्या चेहऱ्यापलीकडे तिला आईचं काहीच आठवत नव्हतं. मग एक गाणं तेवढं आठवलं, त्याला गळा कुणाचा द्यायचा? घरात दुसरं होतंच कोण? तिने तो बापाचा दिला. आणि बापाने तो गुपचूप घेतला. "ती तुझी आई होती" एवढे चार शब्द सांगायचे होते. तेही त्याला सुचले नाहीत, आणि सुचले असते तरी घशाबाहेर आले असते की नाही देव जाणे.

संग्रहालयात त्याला शेवाळराव म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं. सुरुवातीला तो लोकांना समजावून सांगायचा की शेवाळ वेगळं, ते तळ्यात असतं, हे मॉस, याला पानं असतात. मग त्याने तो नाद सोडला. पलीकडच्या खोलीत पक्षी होते, आणि ते सांभाळणाऱ्या बाईंना लोक पाखरूबाई म्हणत. त्यांना मात्र ते आवडायचं. या आठवड्यात दोघांच्या डोक्यावर एकच काम येऊन पडलं होतं. नव्या दालनात एकच काचेचं कपाट शिल्लक राहिलं आणि विषय दोन राहिले, म्हणून संचालिकाबाईंनी फर्मान काढलं की शहरातला एक गाणारा पक्षी आणि शहरातलं एक मॉस एकत्र मांडा, दोघांची तुलना करा, आणि शाळकरी पोरांना वाचता येईल एवढा मजकूर द्या. पक्षी ठरला दयाळ, कारण तो सगळ्यांच्या खिडकीशी गातो आणि नाव कुणाला ठाऊक नसतं. मॉस ठरलं चंदेरी, कारण ते सगळ्यांच्या पायाखाली असतं आणि तेही कुणाला ठाऊक नसतं. मजकूर लिहायचा त्याने, तपासायचा पाखरूबाईंनी. त्याने तीनदा बसून लिहिला होता. 'दयाळ उडतो. मॉस उडत नाही.' इथवर येऊन तो दर वेळी अडकायचा.

पाखरूबाई दार न वाजवता आत आल्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"काय शेवाळराव, साम्य सापडलं का काही?"

म्हणजे त्या तोंडावरही म्हणत होत्या. तो म्हणाला, "दोघंही छोटे आहेत."

"उंदीरही छोटाच असतो. हे बघा मी काय आणलंय." खोक्यात दयाळाचं घरटं होतं, कुठल्याशा इमारतीच्या पाइपातून काढलेलं. मुळं, काथ्या, कुणाच्या तरी डोक्याचे लांब केस, आणि त्यात खालच्या अंगाला चेंगरून बसलेला मॉसचा पुंजका. "तुमचं मॉस माझ्या पक्ष्याच्या गादीत. आता म्हणा, साम्य नाही."

त्याने चिमट्याने दोन काड्या सोडवल्या आणि पाण्यात टाकल्या. त्या उघडायला लागल्या. पाखरूबाई भिंगावर वाकल्या. त्यांनी आजवर इतकी पाखरं हाताळली, पण हे कधी पाहिलं नव्हतं म्हणे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे जिवंत आहे की."

"नाही. उघडतं फक्त."

"म्हणजे?"

"अलीकडे वाळलेलं असेल तर पाणी मिळाल्यावर खरंच जगतं. लगेच वाढायलाही लागतं. पण फार दिवस झाले असतील तर नुसतं उघडतं. हिरवंही दिसतं. आत काही नसतं."

"आणि फार दिवस म्हणजे किती?"

"ते त्या त्या मॉसवर आहे," तो म्हणाला. "बाहेरून बघून सांगता येत नाही."

हे वाक्य त्याने शिकाऊ लोकांना शेकडो वेळा ऐकवलं असेल. आज ते बोलून झाल्यावर त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं. मॉसवाल्या लोकांना एक खोड लागते. काहीही कितीही सुकलं तरी ते संपलं असं त्यांचं मन मानत नाही. कागदाच्या पाकिटात घालावं, वर नीट लिहावं, कपाटात ठेवावं आणि निर्धास्त व्हावं. घाई कसली? पाणी केव्हाही घालता येतं. बायको गेल्यावर त्याने घर असंच ठेवलं. पोरीचं खाणंपिणं, कपडे, शाळा, डॉक्टर, सगळं वेळच्या वेळी. वेणीसुद्धा तो घालायचा आणि बरी घालायचा. फक्त बोलणं तेवढं बाजूला ठेवलं. आईविषयी तर नाहीच. तिला वाटलं नसेल का, की विचारू नये म्हणून? वाटलंच असणार. त्याला वाटायचं, आत्ता लहान आहे, आत्ता तिला कळायचं नाही, मोठी झाली की बसू आणि सगळं सांगू. ती मोठी झाली. मग परीक्षा होत्या, मग नोकरी, मग लग्न. दर वेळी त्याला खात्री असायची की आत सगळं शाबूत आहे.

आणि ते पहिले दिवस. ते आठवायला लागले की तो उठून काहीतरी करायला घेत असे, पण आज पाखरूबाई समोर बसल्या होत्या आणि उठायला निमित्त नव्हतं. आई गेल्यानंतर पोर अंथरुणावर बसून गाणं मागायची. "दाल म्हण," असं. दार म्हण. तिला ते गाणं म्हणजे दार एवढंच ठाऊक. तो म्हणायचा, झोप आता. ती रडायची. मग तो दिवा मालवून, दार ओढून घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बूट घालायच्या स्टुलावर बसायचा. दुष्टपणाने नव्हे. तोंड उघडलं तर त्यातून गाण्याऐवजी भलतंच काहीतरी बाहेर येईल आणि पोर घाबरेल, म्हणून. निदान तेव्हा त्याने स्वतःला असंच समजावलं होतं. आत ती "दाल म्हण, दाल म्हण" करत दमून जायची, आणि तो स्टुलावर बसून तिच्या दमण्याची वाट बघायचा. एके दिवशी तिने मागितलंच नाही. मुकाट्याने कुशीवर वळली आणि झोपली. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. हे आठवून त्याला आता स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं गरम झाली.

"पिल्लू गायला कसं शिकतं?" त्याने एकदम विचारलं.

पाखरूबाईंना हा विषय हवाच असायचा. "ऐकून. बऱ्याच गाणाऱ्या पाखरांचं तसंच आहे. बाप गातो, शेजारपाजारचे नर गातात, पिल्लू ते नुसतं ऐकून ठेवतं. तेव्हा हूं की चूं करत नाही. पुढे मोठं झालं की ऐकलेलं आठवून आठवून म्हणायला लागतं. आधी बरळतं, मग जमतं."

"आणि बाप गातच नसला तर?"

"तर दुसऱ्या कुणाचं शिकेल."

"दुसरं कुणी नसलं तर?"

"तर काय, गातं बिचारं. पण ते धड गाणं नसतं. दुसऱ्या पाखरांना ते आपल्यातलं वाटत नाही." त्यांनी खोक्यात घरटं नीट ठेवलं. "आणि पुष्कळ जातींत त्याची वेळ ठरलेली असते. कोवळेपणी ऐकलं तर ऐकलं. मग ते दार बंद. नंतर कितीही ऐकवा."

"मग जे ऐकतं तेच शिकतं."

"मग काय तर. जे कानावर पडेल ते. लिहा की हे मजकुरात, पोरांना आवडेल."

त्याने कागद ओढला आणि लिहिलं काही नाही. जे कानावर पडेल ते. त्याच्या पोरीच्या कानावर काय पडलं होतं? दार ओढल्याचा आवाज, स्टूल सरकल्याचा आवाज, आणि मग पलीकडे कुणीतरी गप्प बसून आहे याचा आवाज, त्याला आवाज म्हणायचं असेल तर. ते तिने नीट ऐकून ठेवलं. इतकी वर्षं हूं की चूं केलं नाही. आणि काल स्वतःचं मूल रडायला लागलं तेव्हा तिने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं: पोर आत, दार बंद, आपण बाहेर. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती समजत होती की तिच्यातच काहीतरी खोट आहे. त्याने सांगितल्याशिवाय तिला कळणार तरी कसं? आणि तो तिला शनिवार देऊन मोकळा झाला होता. आज बुधवार.

"तुम्हाला बरं नाही का?" पाखरूबाईंनी विचारलं.

"आहे. मुलीचा फोन आला होता."

"काय म्हणते?"

"एक गाणं मागतेय," तो म्हणाला. पाखरूबाईंनी भुवया उंचावल्या, पण पुढे काही विचारलं नाही. त्या दिसतात तितक्या भोचक नव्हत्या.

गाणं कुठून आणायचं? त्याने डोळे मिटून पाहिलं. बायकोचा आवाज आता त्याला ऐकू येत नसे. ते केव्हाच गेलं होतं. पण दाराच्या फटीतून येणारा उजेड दिसायचा, त्यात तिची मांडी, मांडीवर पोरीचं डोकं, आणि तिचा पाय तालावर हलायचा तो. 'दारामागं दार, दारामागं रान.' एवढं पक्कं. मग, 'रानाच्या कानात कुणाचं गं गान.' हेही पक्कं. मग पुढे? पुढे बऱ्याच ओळी होत्या. ती रोज नव्या घालायची, जुन्या विसरायची. तेव्हा तो दुसऱ्या खोलीत बसून पाकिटांवर नावं लिहीत असे. कान तिकडे असत, पण ऐकत नसे. रोजचंच तर होतं. रोजचं कोण लक्ष देऊन ऐकतं?

त्याने बायकोच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मुलीची मावशी. वर्षात एकदोनदा तिचा फोन यायचा, आणि तोही त्याला झापायला.

"भाऊजी? कोण गेलं?" तिने पहिलं हेच विचारलं.

"कुणी नाही. एक विचारायचं होतं. ती पोरीला झोपवताना एक गाणं म्हणायची. दारामागं दार असं."

मग मावशी म्हणाली, "तुम्ही मला तिच्याबद्दल काही विचारताय, हे पहिल्यांदाच."

"हो."

"मला नाही येत हो ते. ती आपलंच रचायची. कुठनं ऐकलेलं नव्हतं ते, आईनंही कधी म्हटलं नाही. तुम्ही होता ना घरात? मी कुठे होते?" ती चिडली होती, पण चिडता चिडता तिचा आवाज सैल पडला. "आणि गाणं कसलं डोंबलाचं. ताई ठार बेसूर होती. ती गायला लागली की आम्ही भावंडं घराबाहेर पळायचो. तुम्हाला कधी कळलं नाही?"

"नाही," तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याला ते सुरेल वाटायचं.

"धन्य आहे तुमची. कशाला हवंय पण?"

त्याने सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. मावशी मध्ये एकदाही बोलली नाही, आणि हे तिच्या बाबतीत नवलच होतं. शेवटी म्हणाली, "मग तुम्ही अजून तिथे काय करताय?"

त्याने कोट चढवला. काचपट्टी तशीच राहिली, दिवा तसाच राहिला. आजवर दिवा न मालवता तो कधी उठला नव्हता. पाखरूबाईंना दारातून म्हणाला, "मी जातो. मजकूर उद्या."

"संचालिकाबाईंना काय सांगू?"

"सांगा की मुलीकडे गेलाय." हे वाक्य त्याने या इमारतीत यापूर्वी उच्चारलं नव्हतं.

बाहेर दुपारचं कोरडं ऊन होतं. बसथांब्यावर न थांबता तो चालायला लागला, कारण चालता चालता गाता येईल असं त्याला वाटलं. रस्त्यावर गाड्यांचा एवढा गोंगाट होता की कुणाला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्याचं तोंड उघडेना. फरशांच्या फटींतून चंदेरी मॉस पसरलेलं दिसत होतं, त्याच्या माहितीतलं, लोकांच्या बुटांना चिकटून या गल्लीतून त्या गल्लीत गेलेलं. त्याला बीज लागत नाही, जोडीदार लागत नाही. एक तुटका तुकडा ओल्या फटीत पडला की झालं. कित्येक ठिकाणी नर एका गल्लीत आणि मादी दुसऱ्या गल्लीत, जन्मात गाठ नाही, आणि तरी बरं चाललेलं असतं. यालाच तो आजवर शहाणपण मानत आला होता. कुणाचं कुणावाचून अडत नाही, असं अभिमानाने सांगायचा. आता त्याला वाटलं, बरं चाललंय असं म्हणणारा मीच, आणि बघणाराही मीच. मॉसला कुणी विचारलंय? एका बंद दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहून त्याने घसा साफ केला आणि म्हणून पाहिलं. "दारामागं दार." आवाज फाटका, खरखरीत, वापर नसलेल्या नळातून पहिलं पाणी यावं तसा. एक बाई पिशव्या घेऊन चालली होती, तिने वळून बघितलं आणि पावलं जरा भरभर उचलली. तो ओशाळला. मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत त्याने पुन्हा दोनदा म्हटलं. तिसरी ओळ काही येईना.

मुलीच्या इमारतीचा जिना चढताना त्याने पायऱ्यांकडे पाहिलं नाही. बेल वाजवली नाही, नुसती टकटक केली. दार उघडलं तेव्हा ती त्याला क्षणभर ओळखूच आली नाही. केस तेलकट, डोळे आत गेलेले, एका खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग, त्याच खांद्यावर जागं बाळ.

"आज शनिवार आहे का?" तिने विचारलं. थट्टा नव्हती ती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"नाही. असाच आलो."

ती बाजूला झाली. खोलीत सगळीकडे कपडे, अर्धे धुतलेले, अर्धे वाळलेले. त्याने एक खुर्ची मोकळी केली, पण तो बसला नाही. बसलो तर आपण हवेविषयी बोलायला लागू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ते गाणं," तो म्हणाला, "मी म्हणायचो नाही. तुझी आई म्हणायची. तिनेच रचलं होतं."

मुलगी बाळाला थोपटत होती, तो हात थांबला. "पण मला आठवतंय."

"गाणं बरोबर आठवतंय तुला. माणूस चुकलाय."

बाळाची किरकिर चालूच होती. मग तिने विचारलं, "मग ती गेल्यावर तू काय म्हणायचास?"

"काही नाही. तू मागायचीस. मी दार ओढून घ्यायचो आणि बाहेर बसायचो."

"जिन्यात?"

"पॅसेजमध्ये. बुटांच्या स्टुलावर."

त्याला वाटलं, आता ती रडेल किंवा ओरडेल किंवा जा म्हणेल, आणि तिला तसा पूर्ण अधिकार होता. तिने त्यातलं काहीच केलं नाही. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली, कोड्याचं उत्तर मागच्या पानावर पाहिल्यावर माणूस बघतो तशी. "स्टुलावर," ती पुटपुटली. मग पलंगाच्या कडेला खाली फरशीवरच बसली, पाठ टेकून. "मला वाटलं मीच अशी आहे."

"नाहीस," तो म्हणाला. "तू ते माझ्याकडून घेतलंस."

"आणि आई? ती कशी म्हणायची?"

"बेसूर. मावशी म्हणते ठार बेसूर. मला चांगलं वाटायचं." त्याने घसा खाकरला. "दोनच ओळी येतात मला. पुढचं ऐकलं नाही मी."

"म्हण."

"इथे?"

"मग काय बाहेर स्टुलावर?" ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही असं. तिने बाळ वर केलं. त्याने ते घेतलं. कित्येक वर्षांत एवढं लहान, गरम काही हातात घेतलं नव्हतं. मान सांभाळायची असते हे हातांना आपोआप आठवलं. तो खिडकीशी उभा राहिला, पोरीकडे पाठ करून, कारण तोंडाकडे बघत त्याला जमलं नसतं. आणि म्हणायला लागला.

दारामागं दार, दारामागं रान. रानाच्या कानात कुणाचं गं गान. मग पुढचं येत नाही म्हणून नुसतं हूं हूं, बायकोच्या चालीवर, किंवा त्याला तिची वाटत होती त्या चालीवर. मग पुन्हा दारामागं दार. आवाज मध्येच चिरकत होता. बाळ किरकिरायचं थांबलं ते आवडलं म्हणून नव्हे, चक्रावून. त्याने मान मागे टाकून या म्हाताऱ्याच्या हलत्या हनुवटीकडे डोळे मोठे करून बघायला सुरुवात केली. झोपेचं नावही नव्हतं त्या डोळ्यांत. नाहीच जमणार हे, त्याला वाटलं, उशीर झाला, आता काय उपयोग. तरी तो म्हणत राहिला, कारण थांबून काय करायचं तेही ठाऊक नव्हतं.

"बाबा," मागून आवाज आला. जाड, ओढत आलेला, लहान मुलाचा वाटावा असा. "दार लावू नकोस."

"नाही लावत," तो म्हणाला, आणि वळला.

ती झोपली होती. बसल्या बसल्या, डोकं गादीच्या कडेवर कललेलं, तोंड उघडं, एक हात फरशीवर पालथा. लहानपणी अगदी अशीच झोपायची. तो गप्प झाला तशी तिच्या कपाळावर आठी पडली. त्याने घाईघाईने पहिली ओळ उचलली. आठी गेली. मग तो थांबलाच नाही. खांदा भरून आला, घसा सुकला, पाण्याचा पेला दोन हातांवर होता पण तो घ्यायला गप्प व्हावं लागलं असतं. ऊन खिडकीतून सरकून कपड्यांच्या ढिगावर गेलं. बाळ टक्क जागं होतं आणि ऐकत होतं. त्याची बायको जिवंत असती तर तिला केवढं हसू आलं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ती इथे नाही याचं दुःख इतक्या वर्षांनी त्याला आडपडदा न ठेवता झालं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात रिकामे नव्हते, म्हणून त्याने ते तसंच वाहू दिलं आणि म्हणत राहिला.

किल्लीचा आवाज झाला. जावई दारात उभा राहिला, कामावरून आलेला, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर थकवा आणि समोरचं दृश्य बघून गोंधळ. सासऱ्याला त्याने आजवर दहा शब्दांच्या पलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. "झोपला का?" त्याने विचारलं, बाळाबद्दल, आणि जरा मोठ्यानेच विचारलं.

तिच्या कपाळावर पुन्हा आठी पडू लागली होती. उत्तर द्यायला थांबणं शक्य नव्हतं. म्हणून दुसरी ओळ संपली तिथेच, त्याच चालीवर, सूर न तोडता तो म्हणाला, "हळू बोल जरा, ती झोपली आहे." यमक काही जुळलं नाही, पण चालीत बसलं. जावयाने पिशवी हळूच खाली ठेवली, बूट काढले, आणि तोही भिंतीशी खाली बसला. सासऱ्याने पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, आणि आता तीन ओळी होत्या.